व्हॉयेज ऑफ द डॅम्ड (डॉक्टर हू) – प्रेक्षकांचा प्रतिसाद

व्हॉयेज ऑफ द डॅम्ड हा डॉक्टर हू या ब्रिटिश विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेचा २००७ सालचा नाताळ विशेष भाग होय. तो २५ डिसेंबर २००७ रोजी सायंकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी बीबीसी वन या वाहिनीवर प्रक्षेपित झाला. लेखन रसेल टी. डेव्हिस यांचे व दिग्दर्शन जेम्स स्ट्राँग यांचे होते. दहाव्या डॉक्टरच्या भूमिकेत डेव्हिड टेनंट होते, तर ऑस्ट्रेलियन गायिका व अभिनेत्री कायली मिनोग यांनी अ‍ॅस्ट्रिड पेथ ही पाहुणी भूमिका केली. ७२ मिनिटांचा हा भाग १ कोटी ३३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाल्यापासून तिच्या कोणत्याही भागाला मिळालेली ही सर्वाधिक प्रेक्षकसंख्या आहे.

कथेतील अंतराळयानाचे नाव ‘टायटॅनिक’ असल्याने टायटॅनिक जहाजाच्या दुर्घटनेतून वाचलेल्या व त्या वेळी हयात असलेल्या एकमेव व्यक्ती, मिल्व्हिना डीन यांनी या भागावर जाहीर आक्षेप घेतला होता. एका ख्रिस्ती संघटनेने वेगळ्याच कारणासाठी हरकत नोंदवली. प्रस्तुत लेखात या भागाला लाभलेला प्रतिसाद, तो मोजण्याच्या पद्धती आणि त्याच्यावरील आक्षेप यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

डॉक्टर हू ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९८९ मध्ये तिची नियमित निर्मिती थांबली आणि २००५ मध्ये रसेल डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली ती नव्याने सुरू झाली. काळ आणि अवकाश यांतून प्रवास करणारा, मृत्यूच्या क्षणी देह व रूप पालटणारा ‘डॉक्टर’ हा परग्रहवासी तिचा नायक आहे. त्याचे यान टार्डिस या नावाने ओळखले जाते. बाहेरून ते पोलिसांच्या जुन्या निळ्या दूरध्वनी-पेटीसारखे दिसते, आतून मात्र प्रचंड मोठे आहे.

ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवशी, विशेषतः सायंकाळी, सारे कुटुंब एकत्र बसून दूरचित्रवाणी पाहण्याची रूढी आहे. लोकप्रिय मालिकांचे खास भाग या दिवसासाठी राखून ठेवले जातात आणि कोणत्या कार्यक्रमाने बाजी मारली याची चर्चा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत रंगते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकाच खोलीत धरून ठेवायचे असल्याने असा भाग लिहिणे हे वेगळेच कसब आहे. नेहमीच्या प्रेक्षकाला तो पोरकट वाटता कामा नये आणि वर्षातून एकदाच मालिका पाहणाऱ्याला तो कळलाही पाहिजे.

या मालिकेचा नाताळशी पहिला संबंध आला तो २५ डिसेंबर १९६५ रोजी. ‘द डालेक्स मास्टर प्लॅन’ या दीर्घ कथेचा ‘द फीस्ट ऑफ स्टीव्हन’ हा भाग नेमका त्या दिवशी येत होता. म्हणून मूळची गंभीर कथा बाजूला ठेवून एक हलकाफुलका प्रहसनवजा भाग रचण्यात आला. त्याच्या अखेरीस पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांनी थेट कॅमेऱ्याकडे वळून घरोघरच्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. हा प्रयोग लोकांना फारसा रुचला नाही. बीबीसीच्या तत्कालीन प्रेक्षक-पाहणीत त्याला शंभरपैकी अवघे ३९ गुण मिळाले. परदेशी विक्रीसाठी त्याची फिल्मवर प्रतही काढली गेली नाही आणि आज तो भाग पूर्णतः गहाळ आहे.

नव्या मालिकेत मात्र नाताळ विशेष भाग हा वार्षिक रिवाज झाला. २००५ चा ‘द ख्रिसमस इन्व्हेजन’ आणि २००६ चा ‘द रनअवे ब्राइड’ या दोन्हींना ९० लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. तिसरा नाताळ त्यांच्या बराच पुढे गेला.

कथानक

मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या अंतिम दृश्यात (३० जून २००७) टार्डिसची भिंत फोडून एका जहाजाचे नाळेकडचे टोक आत घुसते आणि जीवरक्षक कड्यावर ‘टायटॅनिक’ ही अक्षरे दिसतात. प्रेक्षकांना सहा महिने या दृश्यावर थांबावे लागले. नाताळच्या भागात उलगडा होतो, तो असा : हे १९१२ चे जहाज नसून स्टो नावाच्या ग्रहावरून आलेले, त्याच आकाराचे विलासी अंतराळयान आहे. पृथ्वीवरील ‘आदिम’ लोक नाताळ कसा साजरा करतात हे पाहण्यासाठी त्यातून पर्यटक आले आहेत. त्यांचा मार्गदर्शक मिस्टर कॉपर (क्लाइव्ह स्विफ्ट) याची पदवी बनावट असून पृथ्वीविषयीचे त्याचे ज्ञान हास्यास्पद आहे.

यानाचा कप्तान (जेफ्री पामर) संरक्षक कवच मुद्दाम उतरवतो, उल्का आदळतात आणि बहुतेक प्रवासी मरतात. वाचलेल्या मूठभरांना घेऊन डॉक्टर मोडक्या यानातून वाट काढतो. सेवेसाठी ठेवलेले सोनेरी देवदूतरूपी यंत्रमानव आता मारेकरी बनलेले असतात. या घातपातामागे कंपनीचा पदच्युत मालक मॅक्स कॅप्रिकॉर्न (जॉर्ज कॉस्टिगन) असतो. यान पृथ्वीवर कोसळावे, मनुष्यहानी व्हावी आणि ज्या संचालकांनी आपल्याला हटवले ते गजाआड जावेत, हा त्याचा डाव असतो. वेट्रेस अ‍ॅस्ट्रिड माल उचलण्याच्या गाडीने त्याला यंत्रागाराच्या खाईत ढकलते व स्वतःही त्यात पडते. डॉक्टर तिला परत आणू पाहतो, पण ते साधत नाही. बकिंगहॅम राजवाड्यावर आदळता आदळता यान सावरले जाते आणि राणी खालून हात हलवून आभार मानते. ज्यांच्यावर प्रेक्षकाचा जीव जडतो ती बहुतेक पात्रे मरतात आणि रिक्स्टन स्लेड हा सर्वांत स्वार्थी प्रवासी जिवंत राहतो.

प्रेक्षकसंख्या

ब्रिटनमधील प्रेक्षकसंख्या ‘बार्ब’ या संस्थेमार्फत मोजली जाते. निवडक काही हजार घरांत दूरचित्रवाणी संचाला मापक यंत्र जोडलेले असते. घरातील कोण व्यक्ती पाहत आहे याचीही त्यात नोंद होते व त्यावरून संपूर्ण देशाचा अंदाज काढला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो तो प्राथमिक आकडा. ध्वनिचित्रमुद्रण करून आठवडाभरात पाहणाऱ्यांची भर घातली की अंतिम आकडा तयार होतो. वृत्तपत्रांत गाजतो तो बहुधा पहिला, संदर्भग्रंथांत टिकतो तो दुसरा. एकाच भागाचे दोन वेगवेगळे आकडे आढळले तर वाचकांनी गोंधळू नये.

व्हॉयेज ऑफ द डॅम्डचा प्राथमिक आकडा सुमारे १ कोटी २२ लाख होता, तर अंतिम आकडा १ कोटी ३३ लाख १० हजार झाला. २००७ या संपूर्ण वर्षात ब्रिटनमध्ये सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत त्याचा क्रमांक दुसरा लागला. त्याच्या पुढे होता तो त्याच दिवशी दाखवलेला, ईस्टएंडर्स या कौटुंबिक मालिकेचा भाग.

१९७९ च्या ‘सिटी ऑफ डेथ’नंतर डॉक्टर हूला मिळालेली ही सर्वोच्च संख्या, असे सर्वत्र नोंदवलेले आढळते. ते खरे असले तरी तुलना जपून करावी लागते. ‘सिटी ऑफ डेथ’च्या शेवटच्या भागाला १ कोटी ६१ लाख प्रेक्षक मिळाले, तेव्हा प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती. लोकांपुढे पर्यायच मोजके होते. २००७ मध्ये मात्र ब्रिटिश घरांत उपग्रह व डिजिटल वाहिन्यांची गर्दी होती आणि बीबीसीच्या आयप्लेअर या आंतरजालीय सेवेचा औपचारिक प्रारंभही नेमका त्याच नाताळच्या दिवशी झाला. प्रेक्षक विखुरला जाण्याच्या त्या उंबरठ्यावर एवढे लोक एकाच वेळी एका कथेसमोर बसले, हे अधिक विशेष मानावे लागेल.

या संख्येमागची कारणे शोधताना कायली मिनोग यांच्या सहभागाचा उल्लेख प्रथम केला जातो. १९८० च्या दशकात नेबर्स या मालिकेमुळे त्या ब्रिटिश घराघरांत पोहोचल्या होत्या. २००५ मध्ये त्यांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले होते आणि त्या आजारातून उठून त्या पुन्हा रंगमंचावर आल्या होत्या. त्यामुळे त्यांच्याविषयी जिव्हाळा होता. परंतु केवळ त्यांच्यामुळे हे घडले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पुढच्याच वर्षीच्या ‘द नेक्स्ट डॉक्टर’मध्ये त्या नव्हत्या, तरी त्याला १ कोटी ३१ लाख प्रेक्षक लाभले. टेनंट यांची लोकप्रियता त्या काळात शिखरावर होती, हे कारण किमान तितकेच वजनदार आहे.

पसंती निर्देशांक

किती जणांनी पाहिले आणि पाहणाऱ्यांना कितपत आवडले, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याच्या उत्तरासाठी बीबीसी ‘अ‍ॅप्रिसिएशन इंडेक्स’ म्हणजे पसंती निर्देशांक वापरते. प्रेक्षकांचा एक मोठा गट पाहिलेल्या कार्यक्रमांना दहापैकी गुण देतो व त्यांची सरासरी शंभराच्या मापात मांडली जाते. ८५ च्या वरचा निर्देशांक उत्कृष्ट समजला जातो. व्हॉयेज ऑफ द डॅम्डला ८६ मिळाले. आधीच्या दोन्ही नाताळ भागांचा निर्देशांक ८४ होता.

जितके प्रेक्षक अधिक, तितका हा निर्देशांक टिकवणे अवघड जाते, कारण मोठ्या गर्दीत सहज डोकावणारेही पुष्कळ असतात. काही महिन्यांनी आलेल्या चौथ्या पर्वाच्या ‘द स्टोलन अर्थ’ व ‘जर्नीज एंड’ या शेवटच्या दोन भागांना ९१ हा असाधारण निर्देशांक मिळाला, परंतु त्यांचे प्रेक्षक अनुक्रमे सुमारे ८८ लाख व १ कोटी ६ लाख होते. ते प्रेक्षक मुख्यतः मालिकेचे निष्ठावंत होते. नाताळच्या सायंकाळी जेवण आटोपून, अर्धवट पेंगत बसलेल्या जनसमुदायाने दिलेले ८६ गुण त्यामुळे कमी लेखता येत नाहीत.

मात्र हा निर्देशांक पाहणाऱ्यांचाच कौल असतो. ज्याने कार्यक्रम पाहायचेच नाही असे ठरवले, त्याचे मत त्यात उमटत नाही. पुढील आक्षेपाचा विचार करताना ही मर्यादा महत्त्वाची ठरते.

मिल्व्हिना डीन यांचा आक्षेप

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळले व १५ एप्रिलच्या पहाटे बुडाले. सुमारे १,५०० माणसे त्यात मृत्युमुखी पडली. २ फेब्रुवारी १९१२ रोजी जन्मलेल्या मिल्व्हिना डीन तेव्हा जेमतेम सव्वादोन महिन्यांच्या, जहाजावरील सर्वांत लहान प्रवासी होत्या. त्यांचे कुटुंब तिसऱ्या वर्गातून अमेरिकेतील कॅन्सस राज्यात स्थायिक होण्यासाठी निघाले होते. तेथे तंबाखूचे दुकान चालवण्याचा वडिलांचा विचार होता. आई, दोन वर्षांहून लहान भाऊ आणि मिल्व्हिना जीवरक्षक नौकेतून वाचली. वडील बर्ट्रम डीन बुडाले. उरलेले कुटुंब इंग्लंडला परतले. आपण त्या जहाजावर होतो हे मिल्व्हिना यांना वयाच्या आठव्या वर्षी, आईच्या पुनर्विवाहाच्या वेळी कळले.

ऑक्टोबर २००७ मध्ये बार्बरा डेंटन यांचे निधन झाले आणि डीन या त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांपैकी शेवटच्या उरल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी, प्रक्षेपणाच्या तोंडावर, डॉक्टर हूच्या नाताळ भागाची जाहिरात सर्वत्र झळकू लागली. डीन यांनी वृत्तपत्रांजवळ नाराजी व्यक्त केली. या दुर्घटनेने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली, आपले वडील त्यात गेले, अशा शोकांतिकेची करमणूक करणे अनादराचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वेळी त्यांचे वय ९५ वर्षांचे होते.

बीबीसीच्या वतीने खुलासा करण्यात आला, तो असा : कथा टायटॅनिक नावाच्या अंतराळयानावर घडते, समुद्रातील जहाजावर नव्हे, आणि कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही. खुलासा वस्तुस्थितीला धरून होता. मात्र तो मूळ आक्षेपाला भिडत नव्हता. डीन यांची तक्रार कथेतील वाहन पाण्यात चालते की आकाशात, याविषयी नव्हतीच. ज्या नावाशी आपल्या वडिलांचा मृत्यू जोडलेला आहे, ते नाव सणाच्या संध्याकाळी गंमत म्हणून वापरले जावे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

डीन यांना या विषयाचे वावडे होते असेही नव्हे. उतारवयात त्या टायटॅनिक-अभ्यासकांच्या मेळाव्यांना जात, स्वाक्षऱ्या देत, मुलाखतींना नकार देत नसत. चित्रपटांच्या बाबतीत मात्र त्यांची भूमिका जुनी आणि ठाम होती. याच दुर्घटनेवरील १९५८ चा ‘अ नाइट टु रिमेंबर’ पाहिल्यावर आपल्याला वडिलांची भयंकर स्वप्ने पडू लागली असे त्या सांगत. त्यामुळे जेम्स कॅमेरॉन यांचा १९९७ चा जगप्रसिद्ध चित्रपट त्यांनी पाहिला नाही. तेव्हा डॉक्टर हूवरील त्यांचा राग हा प्रसिद्धीसाठी ऐन वेळी काढलेला सूर नव्हता.

दुसऱ्या बाजूने पाहता, टायटॅनिकची करमणूक ही काही २००७ ची नवलाई नाही. दुर्घटनेतून वाचलेल्या अभिनेत्री डोरोथी गिब्सन यांची प्रमुख भूमिका असलेला ‘सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक’ हा मूकपट मे १९१२ मध्ये, म्हणजे जहाज बुडाल्यानंतर महिन्याभरातच प्रदर्शित झाला होता. विज्ञानकथेतही अंतराळातील टायटॅनिक ही कल्पना आधी येऊन गेली होती. एकेकाळी डॉक्टर हूचे संहिता-संपादक असलेले डग्लस अ‍ॅडम्स यांनी ती आपल्या विनोदी लेखनात आणली व १९९८ मध्ये ‘स्टारशिप टायटॅनिक’ हा संगणकीय खेळही काढला. (उपरोक्त ‘सिटी ऑफ डेथ’च्या लेखनातही अ‍ॅडम्स यांचाच मुख्य हात होता.) ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’ हे शीर्षकदेखील पूर्वी एका खऱ्या शोकांतिकेवरील पुस्तकाला (१९७४) व चित्रपटाला (१९७६) दिलेले होते. १९३९ मध्ये ज्यू निर्वासितांना घेऊन हवानाला गेलेल्या आणि तेथून परत पाठवल्या गेलेल्या सेंट लुइस या जहाजाची ती कथा आहे.

संहितेकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. कथेच्या सुरुवातीसच डॉक्टर एका यांत्रिक देवदूताला विचारतो की हे नाव कोणी सुचवले. उत्तर मिळते की पृथ्वीवरचे सर्वांत प्रसिद्ध जहाज म्हणून ते निवडले. ते प्रसिद्ध का झाले हे तुम्हाला कोणी सांगितले का, या पुढच्या प्रश्नावर यंत्र अडखळते. दुर्घटना विसरून नाव तेवढे मिरवणाऱ्यांचीच येथे थट्टा केलेली आहे. शिवाय मालकाच्या हिशेबापायी प्रवाशांचे बळी जाणे हा कथेचा गाभाही विनोदी नाही. हे सारे डीन यांचा आक्षेप खोडून काढते असे नाही. ज्या व्यक्तीसाठी ते नाव म्हणजे न आठवणारा बाप आहे, तिला उपहासाची दिशा समजावून सांगण्यात अर्थ नसतो. पण लेखकाने नाव निव्वळ देखाव्यासाठी वापरले, हा आरोपही टिकत नाही.

या वादाचा परिणाम प्रक्षेपणावर झाला नाही. मिल्व्हिना डीन यांचे ३१ मे २००९ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी निधन झाले. अखेरच्या काळात शुश्रूषागृहाचा खर्च भागवण्यासाठी त्यांना आपल्याजवळच्या टायटॅनिकविषयक वस्तू विकाव्या लागल्या होत्या. त्यांच्यासाठी उभारलेल्या निधीला कॅमेरॉन, लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि केट विन्स्लेट यांनी, म्हणजे ज्या चित्रपटाकडे त्यांनी पाठ फिरवली होती त्याच्याच मंडळींनी, देणगी दिली.

धार्मिक प्रतिमांवरील हरकत

यांत्रिक देवदूत डॉक्टरला दोन्ही बाजूंनी धरून, जळत्या यानातून वर उचलून नेतात, असे एक दृश्य या भागात आहे. हात पसरलेला नायक, सोनेरी पंख आणि ऊर्ध्वगमन यांमुळे त्याला ख्रिस्ताच्या प्रतिमेची छटा येते. ‘ख्रिश्चन व्हॉइस’ या ब्रिटिश संघटनेने यास हरकत घेतली. काल्पनिक नायकाला तारणहाराचे स्थान देणे, तेही ख्रिस्तजन्माच्या दिवशी, अनुचित आहे असे तिचे म्हणणे होते. डेव्हिस हे स्वतः निरीश्वरवादी असले तरी त्यांच्या कारकिर्दीत मालिकेत धार्मिक प्रतिमांचा वापर वारंवार झालेला आढळतो.

मूळ इंग्रजीत या यंत्रांना ‘हेवनली होस्ट’ म्हटले आहे. ‘होस्ट’ म्हणजे यजमान, पाहुण्यांची सरबराई करणारा. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात मात्र ख्रिस्तजन्माची वार्ता देणाऱ्या देवदूतांच्या समुदायालाही हाच शब्द आहे. हा श्लेष मराठीत आणणे कठीण आहे आणि तो लक्षात न घेतल्यास या पात्रांचे अर्धे मर्म निसटते.

वृत्तपत्रीय परीक्षणे

परीक्षणे एकंदरीत अनुकूल होती. द डेली टेलिग्राफच्या परीक्षणकर्त्याने मुक्त कल्पनाशक्ती व काळजीपूर्वक लेखन यांचा मेळ साधल्याबद्दल प्रशंसा केली. द गार्डियनच्या समीक्षकाला आपत्तिपटाच्या साच्याचा उपयोग आवडला, परंतु मिनोग यांचा अभिनय फिका वाटला. द स्टेज या नाट्यविषयक साप्ताहिकात सुरुवातीची बाजू मान्य करून उत्तरार्ध गोंधळाचा, गोंगाटी व अवाजवी हिंसक झाल्याची तक्रार करण्यात आली.

आपत्तिपटाचा उल्लेख बहुतेक परीक्षणांत येतो. बुडत्या जहाजाच्या पोटातून वर येऊ पाहणाऱ्या प्रवाशांची कथा सांगणारा १९७२ चा ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ हा या भागाचा उघड आदर्श होता.

प्रेक्षकांमधील चर्चा

मालिकेच्या चाहत्यांत कथेच्या शेवटावरून मतभेद राहिले. सणाच्या दिवशी इतकी माणसे मारावीत का, हा एक प्रश्न. स्लेडसारखा मनुष्य वाचतो आणि हसतखेळत एकमेकांना सांभाळणारे गरीब जोडपे मरते, हा दुसरा. लेखकाने याचे उत्तर मिस्टर कॉपरच्या तोंडी घातले आहे. कोण जगावे व कोण मरावे हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरला मिळाला तर तो राक्षस होईल, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. पुढे ‘द वॉटर्स ऑफ मार्स’ (नोव्हेंबर २००९) या विशेष भागात डॉक्टर खरोखरच तसा अधिकार गाजवू पाहतो. तो पाहिल्यानंतर या संवादाचे महत्त्व अनेकांना उमगले.

बॅनाकाफलाटा हे लालसर, काटेरी चेहऱ्याचे ठेंगणे पात्र (जिमी व्ही) आपण अर्धे यंत्र असल्याचे लाजेने लपवते. अशा लोकांना आता समान हक्क मिळत आहेत, विवाहदेखील करता येतो, असे अ‍ॅस्ट्रिड त्याला सांगते. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००५ पासून समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारीची कायदेशीर मान्यता मिळाली होती. तो संदर्भ प्रौढ प्रेक्षकांनी तत्काळ ओळखला आणि मुलांसाठी ते केवळ एक गमतीदार परग्रहवासी पात्र राहिले.

‘अ‍ॅस्ट्रिड’ आणि ‘टार्डिस’ ही नावे रोमन लिपीत लिहिल्यास अक्षरे तीच, केवळ क्रम वेगळा, हे चाहत्यांनी प्रक्षेपणाआधीच हेरले होते आणि त्यावरून या पात्राच्या जन्मरहस्याचे नाना तर्क लढवले. प्रत्यक्ष कथेत त्याला काहीही आधार मिळाला नाही.

सर्वांत अनपेक्षित दाद मिळाली ती वृत्तपत्रविक्रेत्याच्या छोट्याशा भूमिकेतील बर्नार्ड क्रिबिन्स यांना. आधीच्या दोन नाताळांत लंडनवर परग्रहवासीयांची आक्रमणे झाल्याने सारे शहर ओस पडलेले असते. हा म्हातारा तेवढा आपल्या टपरीवर ठाण मांडून बसलेला असतो. चौथ्या पर्वात डोना नोबल या सहनायिकेच्या वडिलांची भूमिका करणारे हॉवर्ड अ‍ॅटफिल्ड यांचे निधन झाल्यावर निर्मात्यांनी हाच वृत्तपत्रविक्रेता विल्फ्रेड मॉट या नावाने तिचा आजोबा म्हणून कथेत आणला. पुढे तो मालिकेतील अत्यंत लाडक्या पात्रांपैकी एक ठरला.

हा भाग व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. १९६३ मध्ये मालिकेच्या पहिल्या निर्मात्या असलेल्या लॅम्बर्ट यांचे २२ नोव्हेंबर २००७ रोजी निधन झाले होते.

निर्मितीविषयी माहिती हवी असलेल्या वाचकांनी डेव्हिस आणि पत्रकार बेंजामिन कुक यांच्या ई-मेल पत्रव्यवहाराचे ‘द रायटर्स टेल’ (२००८) हे पुस्तक पाहावे. लेखकाची धडधड, मुदती चुकवणे आणि रात्री-अपरात्री सुचलेले फेरबदल त्यात प्रांजळपणे आले आहेत.

नंतरचे नाताळ भाग

२००८ नंतरही काही वर्षे प्रेक्षकसंख्या १ कोटीच्या वर राहिली. २००९ च्या ‘द एंड ऑफ टाइम’च्या पहिल्या भागाला सुमारे १ कोटी २० लाख, तर २०१० च्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ला १ कोटी २१ लाख प्रेक्षक मिळाले. त्यानंतर उतरण लागली आणि २०१७ च्या ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’पर्यंत आकडा सुमारे ७९ लाखांवर आला. याच काळात आंतरजालावर सवडीने पाहण्याची सवय वाढल्याने जुन्या-नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. पुढील काही वर्षे विशेष भाग नाताळऐवजी नववर्षाच्या दिवशी दाखवला गेला. डेव्हिस मालिकेत परतल्यावर २५ डिसेंबर २०२३ रोजी ‘द चर्च ऑन रूबी रोड’ हा भाग पुन्हा नाताळच्या सायंकाळी आला. तो सुमारे ७५ लाख प्रेक्षकांनी पाहिला.